कॅनडाला निघालेल्यांनो, शून्याला घाबरा

सुट्टीवर कोल्हापुरात आलोय. पहाटे १५ डिग्रीत कानटोप्या घालून रंकाळ्यावर फिरणारी मंडळी बघून हसू येतं. चौदा वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातलाच. काल जानेवारीत ओंटारियोला निघालेली तीन पोरं भेटली. तिघांचा प्रश्न एकच, "काका, उणे २० मध्ये जमतं का हो?"

जमतं. वारा नसेल तर उणे २० ला बर्फ कोरडा असतो, बुटाखाली करकरतो, वर चक्क ऊन. मला बुडवलं ते शून्याने.

दुसरा हिवाळा. आठवडाभर उणे १५, मग एका सकाळी शून्य आणि रिमझिम. फोनवर 'फ्रीझिंग रेन'चा इशारा आला होता. म्हटलं, गगनबावड्याचा पाऊस बघितलेल्याला हे काय सांगतात! जॅकेटची चेनसुद्धा न लावता गाडी काढली. वर उबदार हवेचा थर असतो, त्यात बर्फ वितळून थेंब होतात. खालच्या थंड हवेतून ते पाणी म्हणूनच येतात आणि रस्त्याला टेकले की काच होते. हायवेवरून उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी तिच्या मर्जीने कठड्याला जाऊन भिडली. मला खरचटलं नाही, पण विम्याचा हप्ता सहा वर्षं वाढीव भरला. असल्याच पावसाने जानेवारी १९९८ मध्ये माँट्रियलकडे विजेचे मनोरे आडवे केले होते. अंदाजात शून्याच्या आसपासचा आकडा आणि पाऊस शेजारी शेजारी दिसले, तर गाडीची किल्ली खुंटीलाच राहू द्या. परत सांगतो, खुंटीलाच.

एरवी अंदाज दोन दिवसांचाच बघा, तोही तासातासाचा. दहाव्या दिवसाचं चित्र बघून बेत आखू नका. तापमानापेक्षा 'विंड चिल' वाचा: उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा सुटला की अंगाला उणे ३३ लागतं, आणि तेवढ्या थंडीत उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. तिथले पिवळे, नारिंगी, लाल इशारे तसेच पाठ करा.

देश अवाढव्य आहे. व्हँकुव्हरात पाऊस, विनिपेगला उणे ३०, आणि कॅलगरीत डोंगरावरून उतरणारा उबदार चिनूक वारा सुटला की दुपारपर्यंत पारा शून्याच्या वर. तिथला मित्र टी-शर्टातला फोटो टाकेल, त्यावर जाऊ नका. मोठ्या तळ्यांवरून थंड वारा आला की टोरांटोच्या उत्तरेला बॅरी गावात गुडघाभर बर्फ आणि टोरांटोत ऊन, असंही होतं. व्हॉट्सॲपवर नकाशे फिरतात, त्यातले निम्मे अमेरिकेचे, फॅरनहाइटमधले. आणि तिथले आपले जुने लोक "आमच्या वेळी खरी थंडी होती" म्हणत बिनटोपीचे हिंडतात. त्यांचं ऐकू नका, त्यांच्या गाड्या तापलेल्या गॅरेजात असतात.

कपडे तिथेच घ्या. फक्त एक जाड कोट इथून न्या आणि तो हातात ठेवा, बॅगेत नको. माझी बॅग वाटेतल्या विमानतळावर बर्फात अडकली, दोन दिवसांनी आली. तोवर मी शेजाऱ्याच्या ब्लँकेटात.