फूझीचा काढा: या चुका टाळा

चिनी वैद्यकात 'फूझी' म्हणून ओळखले जाणारे औषध म्हणजे ॲकोनिटम कार्मायकेली या वनस्पतीच्या मुख्य कंदाला बाजूने फुटणारे उपकंद होत. सिचुआन प्रांतातील च्यांगयौ हे त्याचे नावाजलेले पीकक्षेत्र आहे. हान काळातील वैद्य चांग चोंगचिंग यांच्या 'सीनी थांग' या काढ्यात फूझी, सुंठ आणि ज्येष्ठमध एवढेच तीन घटक असून, हातपाय गार पडलेल्या रोग्याला तो देत असत. आपल्याकडचा वत्सनाभ, म्हणजेच बचनाग, याच प्रजातीतला आहे. त्याचीही शुद्धी केल्यावाचून तो पोटात देत नाहीत.

नावांची गल्लत ही पहिली चूक. त्याच वनस्पतीच्या मुख्य कंदाला 'छ्वानवू' म्हणतात आणि दुसऱ्या एका जातीच्या रानटी कंदाला 'त्साओवू'. शोधित फूझीची मात्रा चिनी औषधसंहितेत ३ ते १५ ग्रॅम आहे, तर शोधित छ्वानवूची अवघी १.५ ते ३ ग्रॅम. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा कंद आला तर मात्रेचा हिशेबच चुकतो.

सर्वांत घातक चूक मात्र चुलीपाशी होते. या कंदातील ॲकोनिटिन हृदयाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींमधील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते, आणि शुद्ध स्वरूपात ते सुमारे २ मिलिग्रॅम पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर त्याचे विघटन होऊन कितीतरी सौम्य द्रव्ये तयार होतात. म्हणूनच कंद आधी क्षारयुक्त पाण्यात भिजवून, उकळून, काप करून पुन्हा धुतात आणि तरीही काढा करताना फूझी इतर वनस्पतींच्या आधी एकटी उकळत ठेवण्याचा दंडक आहे. पाकिटावर 'शोधित' असे छापलेले पाहून ही पायरी गाळणे, किंवा घाईत सगळी औषधे एकदम भांड्यात टाकणे, म्हणजे विषाला मोकळीक देणेच होय. घरच्या घरी कच्च्या कंदाची शुद्धी करण्याच्या फंदात तर पडूच नये.

सांधेदुखीवर बाहेरून चोळण्यासाठी हे कंद मद्यात भिजवून ठेवण्याची पद्धत चीनमध्ये आहे. ते मद्य पोटात घेतल्याने विषबाधा होऊन माणसे दगावलेली आहेत, कारण तिथे उकळण्याची पायरीच नसते आणि मद्यात विष चांगले उतरते. अशी बाटली पेयांच्या कपाटात ठेवू नये, आणि फुटलेल्या किंवा खरचटलेल्या त्वचेवरही तिच्यातले मद्य चोळू नये.

आणखी एक गैरसमज जुना आहे: औषध घेतल्यावर भोवळ आली, तर ते लागू पडले असे मानण्याचा. वास्तविक जीभ, ओठ किंवा बोटे बधिर होणे ही विषबाधेची पहिली खूण असते. त्यामागोमाग उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरणे आणि नाडीची लय बिघडणे ही लक्षणे दिसतात. ती बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत सुरू होतात. यावर नेमका उतारा उपलब्ध नाही, त्यामुळे बधिरपणा जाणवताच उरलेला काढा बाजूला ठेवून, घरगुती उपायांत वेळ न दवडता, हृदयाची लय सतत तपासता येईल अशा रुग्णालयात जावे आणि औषधाचे पाकीट व उरलेले काप सोबत न्यावेत.