नवऱ्याची मुलं आणि सासू-सासरे एकदमच राहायला आले की काय करायचं

आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न. यांची मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 चा, दोघं पुण्याला त्यांच्या आईकडे असतात. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस आणि दिवाळीत आठवडाभर ती आमच्याकडे सोलापूरला येतात, आणि नातवंडं आली म्हटल्यावर सासू-सासरे मंगळवेढ्याहून येणारच, म्हणजे जुळे सोलापूर भागातल्या आमच्या दोन बेडरूममध्ये एकदम सहा माणसं. पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते. आता चौथं वर्ष आहे, जे जमलं ते लिहिते, माझ्यासारख्या आणखी बऱ्याच जणी असतील.

सगळ्यात आधी जागा करा. पहिल्या उन्हाळ्यात मी खाऊचे डबे भरले, नवीन टॉवेल आणले, सगळं केलं, पण मुलीचे कपडे आठ दिवस बॅगेतच. रोज सकाळी चेन उघडायची, एक ड्रेस काढायची आणि परत चेन लावून बॅग भिंतीकडे सरकवायची. मला वाटलं हिला मी नकोय. नंतर कळलं की कपाटात तिच्यासाठी जागाच नव्हती, आणि ती तरी कशी मागेल? पुढच्या खेपेला यांनी एक ड्रॉवर पूर्ण रिकामा केला, बाथरूमबाहेर दोन खुंट्या मारल्या आणि दोघांना त्यांच्या पसंतीची एकेक चादर बाजारातून घेऊन दिली. त्या वेळी जाताना ती एक केसांची क्लिप आणि अर्धी भरलेली वही ड्रॉवरमध्ये ठेवून गेली. मुलं नसतानाही तो ड्रॉवर आपल्या सामानानं भरायचा नाही, घर लहान असलं तरी.

यायच्या आठवडाभर आधी नवऱ्यानं मुलांच्या आईला फोन करायचा, आपण नाही. सध्या काय खातात, कसली औषधं चालू आहेत, मोबाईल किती वेळ देते, सुट्टीचा अभ्यास काय, सगळं विचारून घ्यायचं, आणि तिकडे रात्री नऊनंतर मोबाईल बंद असेल तर इकडेही बंद. मुलांना ओरडायचं कामही बापाचंच. मी फार तर 'बाबांना विचार' एवढंच म्हणते. अजून एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, 1956 च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणं) व पालकत्व कायद्यात पालक म्हणून आई-वडील धरताना सावत्र आई-वडील धरलेले नाहीत. म्हणजे हे ऑफिसच्या कामाला बाहेरगावी असताना मुलगा आजारी पडला आणि दवाखान्यात पालकाची सही लागली तर आपली सही पुरेलच असं नाही, म्हणून यांचा आणि मुलांच्या आईचा नंबर आणि मुलांची जुनी प्रिस्क्रिप्शनं मी फ्रिजवरच लावून ठेवते.

आता सासूबाई. माणूस मायाळू आहे, पण पहिल्या वर्षी पोरानं अर्धी भाकरी टाकली तर त्या पटकन बोलल्या, 'आईनं हेच शिकवलं काय रे तुला?' पोरगं ताटावरून उठलं ते गॅलरीत जाऊन बसलं. मी तिथंच सगळ्यांसमोर त्यांना बोलले आणि दोन दिवस अबोला झाला, चूक माझी नव्हती पण पद्धत चुकली. अशा वेळी नवऱ्यानंच आपल्या आईला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे. यांनी नंतर सांगितलं, 'आई, पोरांसमोर त्यांच्या आईबद्दल एक शब्द नको,' आणि त्यांनी ते ऐकलं की. आपणही 'पहिली बायको' हा शब्द घरात वापरायचा नाही, 'मुलांची आई' म्हणायचं. तसंच सासूबाईंनी पोरांना मला 'आई' म्हणायला लावलं तर पोरगं पूर्ण सुट्टीभर मला हाकच मारेना, नुसतं जवळ येऊन उभं राहायचं. आता स्वतःहून 'मावशी' म्हणतं, मला त्यात काही कमी वाटत नाही.

स्वयंपाकात सासूबाईंना मदतीला बोलवू नका, एखादी गोष्ट पूर्ण त्यांच्यावर सोपवा. त्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घेऊन येतात, तर भाकरी त्यांचीच. शेंगाचटणी पण त्यांचीच, भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, आणि मिक्सर अजिबात नाही, उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. गेल्या मेमध्ये पोरगी शेजारी बसून शिकली, दोघींचे हात लाल, आणि आजी तिला वर्गातल्या मैत्रिणींची नावं विचारत होती. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले.

मे महिन्यात इथं पारा 40 च्या वर असतो, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी आठच्या आत. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव सकाळीच उरकायचं, दुपारी पडदे ओढून पत्ते नाहीतर कॅरम. पाण्याचं आधीच सांगा, पुण्याच्या पोरांना नळाला चार-चार दिवस पाणी नसतं हे माहीत नसतं आणि शॉवर सोडून उभी राहतात. मी पहिल्याच दिवशी बॅरल दाखवते, बादली ठरवून देते, सासरे पोराला मोटर लावायला बरोबर नेतात, आता त्याला तेच काम आवडतं.

एक दिवस तरी तुम्ही घरी थांबा. बाप-लेकरांना आणि आजी-आजोबांना तुळजापूरला पाठवा, जेमतेम 45 किलोमीटर आहे, सकाळी जाऊन दुपारी परत. त्यांना त्यांचं असं बोलता येतं, जुन्या आठवणी काढता येतात, आणि तुम्हाला चार तास झोपता येतं, लई गरज असते बगा त्याची.

जाताना दोन पुडे बांधा, चटणी आणि कडक भाकरीचा एक मुलांचा आणि एक त्यांच्या आईकडच्यांसाठी. सासूबाईंना पहिल्यांदा पटलं नव्हतं, यंदा त्यांनीच दुसरा पुडा बांधला. आणि सकाळच्या पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पोरं गेली की त्याच दिवशी मुलांच्या आईशी बोलून दिवाळीच्या तारखा नक्की करून घ्या, रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या सीटा बघता बघता संपतात.