बर्नर कितव्या सेकंदाला लॉक झाला?

रात्री अडीचला फोन वाजतो. पलीकडे कुठल्या तरी मिलचा ऑपरेटर. "बर्नर बंद पडी गया, भाऊ." मी एकच विचारतो, "बटण दाबल्यापासून कितव्या सेकंदाला?" पलीकडे जरा शांतता. मग, "ते नाही पाहिलं. चार-पाच वेळा रिसेट मारलं फक्त."

जळगाव एमआयडीसीतून पाने, मीटर आणि जुनी फडकी घेऊन मी सव्वीस वर्षं मोटरसायकलवर हिंडतोय. धरणगाव, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा. बहुतेक ठिकाणी तोच लहान बॉयलर, तोच डिझेलवर किंवा एलडीओवर (लाइट डिझेल ऑइलवर) चालणारा बर्नर आणि तोच लाल दिवा. लाल दिवा सगळ्या फॉल्टला सारखाच लागतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. कळतं ते वेळेवरून.

बर्नरची एक ठरलेली चाल असते. स्टार्ट दिला की कंट्रोल बॉक्स आधी बघतो, फोटोसेलला, म्हणजे ज्वाळा बघणाऱ्या डोळ्याला, अंधार दिसतोय ना. मग मोटर फिरते. ब्लोअर आणि ऑइल पंप बहुधा त्याच शाफ्टवर असतात. काही सेकंद नुसती हवा मारून भट्टी साफ होते, ठिणगी सुरू होते, सोलेनॉइड (विजेवरचा तेलाचा व्हॉल्व्ह) उघडतो, तेल नोझलमधून धुक्यासारखं बाहेर पडतं आणि पेटतं. तेल सुटल्यापासून साधारण ५ ते १० सेकंदांत फोटोसेलला ज्वाळा दिसली नाही, तर लॉक, म्हणजे बर्नर आपोआप बंद, लाल दिवा लागतो आणि रिसेटचं बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. तुमच्या बर्नरचे आकडे वेगळे असतील, म्हणून तो चांगला चालत असतानाच एकदा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा आणि पॅनेलच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवा. बिघडल्यावर मोजायला घेतलं तर तुलना कशाशी करणार?

आता फॉल्ट बघू. मोटर फिरलीच नाही आणि लाल दिवाही नाही, तर बर्नरला हात लावू नका, त्याला कुणी चालू हो म्हटलेलंच नाही. स्टीमचा दाब प्रेशर स्विचच्या वर आहे का, मोब्रेने (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बघणाऱ्या स्विचने) पाणी कमी दाखवलंय का, मोटरचा ओव्हरलोड ट्रिप झालाय का, एखादा फेज गेलाय का ते बघा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॉयलरशेजारची मोटर इतकी तापते की निम्मे फोन ओव्हरलोडचेच असतात. पाणी कमी दाखवत असेल तर गेज ग्लास, म्हणजे पातळीची काच, डोळ्यांनी बघा. मोब्रेला तार मारून, म्हणजे त्याला बगल देऊन, बॉयलर चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडे मी जात नाही.

मोटर फिरली, पण हवा मारतानाच, तेल सुटायच्या आधी लॉक झाला? मग फोटोसेलला नको तिथे उजेड दिसतोय. सोलेनॉइड गळून आत काहीतरी जळत असेल, नाहीतर सेल शॉर्ट झाला असेल. चोपड्याकडे एक बर्नर रोज दुपारी चारच्या सुमाराला पडायचा. मी दोनदा जाऊन हात हलवत परत आलो, कारण मी जायचो सकाळी. तिसऱ्यांदा मुक्काम टाकला. मोटर गार राहावी म्हणून कुणीतरी बर्नरचं कव्हर काढून ठेवलं होतं आणि पत्र्याच्या भोकातून उतरतं ऊन नेमकं सेलवर पडत होतं. कव्हर लावलं, काम झालं. पैसे घ्यायला मलाच लाज वाटली, पण घेतले.

खरी गंमत तेल सुटायच्या वेळेला. तेल सुटायला हवं, पेटायला हवं, पण ज्वाळा नाही आणि लॉक. इथे दोनच प्रश्न: तेल नाही, की ठिणगी नाही? एकाला चिमणी बघायला बाहेर उभं करा. लॉक होताना चिमणीतून पांढरट, तेलकट वासाची वाफ आली तर तेल येतंय, ठिणगी नाही. काहीच आलं नाही तर तेलच नाही.

तेल नसेल तर पंपाच्या गेजवर नजर ठेवा. काटा शून्यावरच राहिला तर मोटर आणि पंपाच्या मधलं प्लॅस्टिकचं कपलिंग तुटलंय, किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद आहे, किंवा फिल्टर चोंदलाय. टाकीत तेल आहे ना, हेही बघा. हसू नका, वर्षातून दोनदा तरी तेच निघतं. काटा थरथरत असेल तर सक्शन लाइनने हवा धरलीय. युनियन आवळा, फिल्टरच्या झाकणाचं वॉशर बदला आणि पंपाचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून फेस जाईपर्यंत तेल सोडा. आणि दाब नेहमीसारखा दहा-बारा किलो असून तेल येत नसेल, तर सोलेनॉइड किंवा नोझल. तेल सुटायच्या वेळी सोलेनॉइडच्या नटाजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक न्या. ओढलं गेलं तर कॉइल जिवंत आहे, मग नोझल खोला.

नोझलमध्ये टाचणी घालायची नाही. ते भोक केसभर जरी वाकडं झालं तरी फवारा एका बाजूला जातो आणि भट्टीच्या भिंतीवर कोळसा धरतो. डिझेलमध्ये धुवा, हवेने फुंका, नाहीतर बदला. बदलताना नोझलवर कोरलेला आकडा आणि फवाऱ्याच्या कोनाचे अंश दोन्ही तेच घ्या. तो आकडा अमेरिकन गॅलनमध्ये, ताशी, सुमारे ७ किलो दाबाचा असतो. ५ नंबर म्हणजे ताशी १९ लिटर. दाब १० किलो ठेवलात तर तेच नोझल साडेबावीसच्या आसपास देतं. "नोझल तेच, मग तेल जास्त का लागतं?" याचं उत्तर पुष्कळदा कुणीतरी फिरवून ठेवलेल्या दाबाच्या स्क्रूत असतं.

ठिणगी नसेल तर मेन स्विच काढून इलेक्ट्रोड बाहेर घ्या. टोकांमध्ये ३ ते ४ मिलिमीटर अंतर हवं. टोकं नोझलच्या थोडी पुढे आणि वर असावीत, फवाऱ्यात बुडलेली नकोत. चिनीमातीवर बारीक तडा असला तर ठिणगी टोकावर न पडता मध्येच पळते. तडा दिसत नसेल तर काजळी पुसून नख फिरवा. चालू ट्रान्सफॉर्मरवर स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून दाखवणारा एखादा शहाणा प्रत्येक कारखान्यात असतो. तिथे दहा हजार व्होल्टच्या घरातला मामला आहे, त्याला लांब ठेवा.

ज्वाळा चांगली पेटते आणि काही सेकंदांनी लॉक होतो? मग सेल आंधळा झालाय. बाहेर काढून मऊ फडक्याने पुसा. मीटर लावा: मुठीत झाकल्यावर ओहम लाखांत जायला हवेत, उजेडात काही हजारांवर यायला हवेत. फरकच पडत नसेल तर फेकून द्या. सेलला टॉर्च दाखवून बर्नर चालू ठेवायचा नाही, कधीच नाही.

आता ते रिसेटचं. दोनदा मारा, तिसऱ्यांदा नाही. दर वेळी थोडं न पेटलेलं तेल भट्टीत पडतं. धुळ्याबाहेरच्या एका मिलमध्ये रात्रपाळीच्या पोराने सात वेळा बटण दाबलं. आठव्यांदा पेटला. बॉयलरच्या मागच्या दाराचे बोल्ट तुटले, पोराच्या भुवया गेल्या, बाकी तो वाचला. दोनदा लॉक झाला की काचेतून आत बघा. तेल साचलं असेल तर भट्टी गार होऊ द्या, लाकडाच्या भुशाने आणि फडक्यांनी ते टिपून काढा, नुसता ब्लोअर चालवता येत असेल तर थोडा वेळ चालवा आणि मगच स्टार्ट.

हिवाळ्यात धुळ्याकडे पहाटेचा पारा खूप उतरतो. एलडीओ घट्ट होतं, फिल्टर अडतो आणि फोन सकाळी सहालाच येतो. पावसाळ्यात टाकीत पाणी जातं आणि ज्वाळा तडतडते. काचेच्या बाटलीत तेल रात्रभर ठेवा, पाणी असलं तर खाली बसतं. टाकीचा तळाचा कॉक आठवड्याला सोडा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल झिजलेलं. चिमणीचं तापमान मात्र रोज लिहा. लोड तोच असून ते २०-२२ अंशांनी वर गेलं तर तेलाचा साधारण एक टक्का हवेत चाललाय. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने ट्यूबवर क्षार चढतात, आतून काजळी बसते. तिथे बर्नरचे स्क्रू फिरवून उपयोग नाही, सॉफ्टनरचं (पाणी मऊ करणाऱ्या टाकीचं) मीठ संपलंय का ते बघा.

एका डब्यात नोझल, फोटोसेल, इलेक्ट्रोडची जोडी, फिल्टरची जाळी आणि वॉशर ठेवा. कपलिंग दोन घ्या. पहिलं बसवताना हातातून निसटून बॉयलरखाली जातं.