जँगो अनचेन्ड बघताना बंदूक सोडा, कागदाकडे बघा

अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचा टॅरँटिनोचा पिक्चर जँगो अनचेन्ड बघितला का असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, हो भारी आहे, शेवटची फायरिंग बघितली का. मी पण पहिल्यांदा हॉस्टेलवर पाच-सहा जणांत असाच बघितला, शिट्ट्या वाजवल्या आणि झोपलो. नंतर बऱ्याच वर्षांनी गुलामगिरीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र वाचलं, मग पिक्चर परत लावला आणि अक्षरशः वेगळाच पिक्चर दिसला. तर ज्यांना बघायचाय किंवा परत बघायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. स्टोरी पुढे सगळी फुटणार आहे, त्यामुळे कोरा बघायचा असेल तर आधी बघून या.

आधी साध्या गोष्टी. पावणेतीन तासांचा आहे, पोरं झोपल्यावरच लावा, रक्त तर आहेच पण काळ्या लोकांसाठीची ती शिवी शंभराहून जास्त वेळा येते. सबटायटल चालू ठेवा, दक्षिणेतल्या गोऱ्यांचं इंग्रजी कानाला पटकन लागत नाही.

दुसरं म्हणजे लावायच्या आधी दहा मिनिटं काढून तो काळ समजून घ्या. गोष्ट सुरू होते 1858 मधे. 1808 पासून अमेरिकेत आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती, पण कापसाला माणसं तर हवीच होती, मग व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं विकून खाली मिसिसिपी, लुईझियानाकडे पाठवायला लागले, आणि त्यात नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे असं सर्रास व्हायचं. पिक्चरमधला गुलाम जँगो आणि त्याची बायको ब्रूमहिल्डा यांना वेगवेगळं विकतात ते म्हणून पटतं. 1860 च्या जनगणनेत मिसिसिपीत 7 लाख 91 हजार माणसं होती आणि त्यातली 4 लाख 36 हजार गुलाम, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि गोष्टीच्या एकच वर्ष आधी, 1857 ला, ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की काळा माणूस, मग तो गुलाम असो नाहीतर स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. ही व्यवस्था यादवी युद्धानंतर 1865 मधे कायद्याने संपली आणि त्याची दखल आपल्याकडे पुण्यात घेतली गेली होती, जोतीरावांनी 1873 चं 'गुलामगिरी' अर्पण केलंय ते गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक सीनमधे कागद कुठाय ते शोधा. पहिल्याच सीनमधे डॉक्टर शुल्ट्झ, म्हणजे बक्षिसासाठी गुन्हेगार मारणारा माणूस, गोळ्या घालून मोकळा झालाय, समोरचा गुलामांचा व्यापारी घोड्याखाली अडकून विव्हळतोय, तरी तो त्याला 125 डॉलर देतो आणि जँगोची विक्रीची पावती मागतो. नंतर बक्षिसाचा कागद येतो, ज्यावर जिवंत किंवा मेलेला असं लिहिलंय, आणि तो खिशात असला की लांबून माणूस मारला तरी कायदा तुमच्या बाजूने. शुल्ट्झ तो कागद जँगोला मोठ्याने वाचायला लावतो, जँगो अडखळत एकेक शब्द लावतो. हा सीन मी पहिल्यांदा पाणी प्यायला उठून घालवला होता, तुम्ही घालवू नका, कारण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. तोच कागद जँगो जपून ठेवतो आणि शेवटी त्याच कागदावर स्वतःची सुटका करून घेतो. ब्रूमहिल्डा ज्याच्याकडे गुलाम आहे तो मिसिसिपीतला मळेवाला कँडी, त्याच्याकडून तिला सोडवायची किंमत 12,000 डॉलर, सह्या होतात, कागद हातात येतो, काम झालं. आणि तरीही शुल्ट्झला कँडीशी शेकहँड करवत नाही. का करवत नाही हे कळायचं असेल तर आधीचा, पळालेल्या गुलामावर कुत्री सोडतात तो सीन डोळे उघडे ठेवून बघावाच लागतो, तो पळवू नका प्लीज.

पळवायचीच असेल तर दिवाणखान्यातली मरेपर्यंतची कुस्ती पळवा. मालकांनी गुलामांच्या अशा जीवघेण्या झुंजी लावल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही आणि विचार करा ना, धडधाकट तरुण गुलामाला हजार डॉलरच्या वर मोजायला लागायचे, तेवढा पैसा कोण मारून टाकेल. पळालेल्यांच्या मागे कुत्री सोडणं मात्र खरं, लोखंडी पट्टे खरे, कवटी मोजून काळ्यांना कमी अकलेचं ठरवणारं 'शास्त्र' पण खरं. डायनामाइट चूक आहे, नोबेलचं पेटंटच 1867 चं. माझ्या मते डायनामाइटची चूक माफ, कुस्तीची नाही, कारण ती खरी समजून लोक इतरांना सांगत फिरतात.

मधे एकदा थांबायचं असेल तर बर्फातला हिवाळा संपतो आणि मिसिसिपी अशी अवाढव्य अक्षरं पडद्यावरून सरकतात तिथे थांबा. तिथून पुढे स्टीफनवर लक्ष ठेवा. कँडीच्या वाड्यावरचा म्हातारा गुलाम नोकर, सगळ्यांसमोर मालकापुढे कमरेत वाकलेला, पण पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करत असतो? मालकाच्या चेकवर सही. आणि लायब्ररीत एकटे असले की हाच खुर्चीत बसून ब्रँडी पीत मालकाला सांगतो की तुला फसवतायत. स्टीफन झालेल्या सॅम्युएल जॅक्सनने काय काम केलंय राव, ऑस्कर शुल्ट्झ झालेल्या वॉल्ट्झला मिळालं त्याचं वाईट नाही वाटत, पण याला साधं नॉमिनेशन पण नाही हे मला अजून खुपतं.

बघून झाल्यावर लगेच दुसरा वेस्टर्न लावू नका, विल्यम आणि एलन क्राफ्ट या नवराबायकोची हकीकत वाचा. दोघं गुलाम, जॉर्जियातल्या मेकन गावचे. डिसेंबर 1848 मधे एलन, जिचा रंग गोरा होता, आजारी गोऱ्या मालकाचा वेश करून निघाली आणि विल्यम तिचा गुलाम म्हणून बरोबर, म्हणजे जँगो जे सोंग घेतो तसंच, फक्त हे खरं घडलेलं. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून तिने उजवा हात गळ्यात बांधला, हॉटेलच्या रजिस्टरवर सही मागितली की हात दाखवायचा. शेवटचा टप्पा बाल्टिमोरचा, तिथल्या अधिकाऱ्याने अडवलं आणि म्हणाला, हा गुलाम तुमचा आहे याचा कागद दाखवा. कागद नव्हता. दोघं तसेच उभे, गाडी सुटायची घंटा झाली, आणि अधिकाऱ्याने काय वाटलं कुणास ठाऊक, जाऊ द्या यांना म्हणून सांगितलं. नाताळच्या दिवशी सकाळी ते फिलाडेल्फियात, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात, उतरले.