शेळ्या दसऱ्यानंतर आणा, पावसाळा तयारीला द्या

मृग लागला की शेळीपालनाचं कर्ज मंजूर झालेली घरं लगेच शेळ्या आणायला निघतात. आमचं कळकळीचं सांगणं आहे, थांबा. टेम्पोत दाटीवाटीनं आणलेली, दमलेली शेळी नव्या जागी पावसात सापडली की न्यूमोनिया किंवा पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाला चटकन बळी पडते. शेळी मेली तरी कर्ज फेडावंच लागतं. तेव्हा खरेदी दसऱ्यानंतर करा.

आधी चारा लावा. फुले जयवंतसारख्या संकरित नेपिअर या चाऱ्याच्या गवताची दोन डोळ्यांची कांडी जून-जुलैत ३ × २ फुटांवर लावली, तर गुंठ्याला सुमारे १८० कांड्या बसतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे शेळ्या येण्याआधीच मिळते. नुसत्या गवतावर शेळी वाढत नाही, म्हणून बांधावर शेवरी आणि दशरथ घास हा पाल्याचा चाराही हवाच. मोठ्या शेळीला गोठ्यात १० चौरस फूट आणि बाहेर मोकळ्या कुंपणात त्याच्या दुप्पट जागा ठेवा. पुणे जिल्ह्यात जास्त पावसाच्या मावळ-मुळशीत फळ्यांचा उंच माच करा. कमी पावसाच्या शिरूर, दौंड, इंदापूरला मुरमाची कोरडी जमीन पुरते.

याच दिवसांत प्रशिक्षण घ्या. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ते मोफत मिळतं. जनावरं घरातली बाई सांभाळणार असेल, तर प्रशिक्षणाला तिलाच पाठवा आणि कर्जही तिच्या नावावर घ्या.

कर्जात एक गल्लत नेहमी होते. पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड खाद्य, औषधं अशा चालू खर्चासाठी असतं. शेळ्या विकत घ्यायला मुदत कर्ज लागतं. कार्डावरच्या २ लाखांपर्यंतच्या रकमेला ७ टक्के व्याज आहे, वेळेवर फेडलं तर ते ४ टक्के पडतं. मुदत कर्जाचा मासिक हप्ता मात्र मान्य करू नका. हिशोब बघा: दोन-तीन महिन्यांची गाभण उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी कार्तिकात आणली, तर ती पौष-माघात विते आणि करडं आठ-नऊ महिन्यांनी विकायला येतात. म्हणजे जवळपास वर्षभर हाती पैसा नाही. पहिला हप्ता त्यानंतरच सुरू व्हावा आणि पुढचे सहामाही असावेत, हे सही करण्याआधीच बँकेशी बोलून घ्या. पहिली करडं बकरी ईदला विकू, या भरवशावर राहू नका. कुर्बानीचा बोकड वर्ष पूर्ण झालेला लागतो.

घरी आधीच शेळ्या असतील, तर पाऊस सुरू होण्यापूर्वी जंतनाशक आणि आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस द्या. नव्या शेळ्या आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधा.

विमा खरेदीच्याच दिवशी उतरवा. विम्याचा कानातला बिल्ला पडला तर लगेच कंपनीला कळवून नवा मारून घ्या, कारण बिल्ल्याशिवाय दावा मंजूर होत नाही. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून शवविच्छेदनाचा दाखला घ्या.