मॉरिशसमध्ये समुद्राकाठचा ड्राइव्ह करताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे अख्खं बेट एका दिवसात फिरून येऊ असं ठरवणं. नकाशात मॉरिशस एवढंसं दिसतं, लांबी जेमतेम ६५ किलोमीटर, त्यामुळे आपल्याला वाटतं की पुणे-महाबळेश्वरपेक्षा कमीच आहे, त्यात काय. पण किनाऱ्याचा रस्ता गावागावांतून जातो, अरुंद आहे, बसच्या मागे अडकलात की अडकलात. दिवस एकच असेल तर नैऋत्येचा तुकडा घ्या, सुयाक ते ल मॉर्न आणि पुढे तामारँ. बाकीचं सोडलंत तरी चालेल, खरंच.

दुसरी चूक दिशेची, आणि ही बहुतेक सगळे करतात. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, म्हणजे बेटाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलात तर समुद्र कायम तुमच्या डाव्या हाताला, तुमच्याच लेनला लागून, थांबायचं तर समोरचा ट्रॅफिक कापून पलीकडे जायला नको. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला उतरला असाल तर सकाळी आतल्या रस्त्याने सरळ सुयाक गाठा आणि किनाऱ्याने परत या. सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर राहतं, दुपारी उशिरा तेच ऊन थेट डोळ्यात येतं आणि समोरचं वळण दिसत नाही.

सुयाकजवळच्या ग्रि ग्रिला पोहायला उतरू नका. बाकी बेटाला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कुंपण आहे म्हणून पाणी शांत असतं, पण इथे ते तुटलंय आणि लाटा सरळ कड्यावर येऊन आपटतात. बघायला जबरदस्त, पण काठावरूनच.

बे द्यू कापजवळचं माकोंदचं वळण सगळ्यांच्या इन्स्टावर असतं, आणि फोटोसाठी गाडी नेमकी वळणावरच उभी करणारे महाभागही तिथेच भेटतात. पलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही हो! थोडं पुढे नेऊन सरळ रस्त्यावर जागा बघा, चालत परत या आणि पायऱ्या चढून वरून बघा.

ल मॉर्नला पोचल्यावर लोक बीचवर उभे राहून 'पाण्याखालचा धबधबा' शोधत बसतात. तो बीचवरून दिसतच नाही. वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घसरतो त्याचा तो दृष्टिभ्रम आहे, तो फक्त वरून, म्हणजे हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेनमधूनच दिसतो. तेवढं बजेट नसेल तर नाराज व्हायचं कारण नाही, समोरचा ५५६ मीटरचा डोंगर बघा, पळून आलेले गुलाम याच कड्यांवर लपून राहायचे आणि म्हणूनच २००८ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

आता वेळेचं. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे तेव्हा हिवाळा सुरू होत असतो आणि सूर्य पावणेसहाच्या आसपासच मावळतो, संधिप्रकाशही फार टिकत नाही. काळोखात त्या रस्त्याला मजा नाही, कारण बऱ्याच ठिकाणी रस्त्याला साइडपट्टीच नसते, डांबर संपलं की थेट उघडं गटार, आणि समोरून बस आली म्हणून थोडं डावीकडे दाबलं की चाक आत. गेलंच तर अॅक्सिलरेटर दाबून गाडी बाहेर काढायला जाऊ नका, खालून आणखी घासते. हॅझर्ड लावा, भाड्याने गाडी देणाऱ्याला फोन करा. जूननंतर ऊसतोड चालते, तेव्हा ट्रकमधून पडलेला ऊस रस्त्यावर असतो, आणि जिथे तोड झालेली नाही तिथे चौकात ऊस इतका उंच की आडव्या रस्त्यावरची गाडी शेवटपर्यंत दिसत नाही. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आपल्यासारखं नाक घुसवायचं नाही. स्पीड कॅमेरे आहेत, दंड तुमच्याच नावावर येणार.

गणपतीच्या दिवसांत जात असाल तर अजून एक. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, बहुतेकदा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आणि तिथली मराठी मंडळी विसर्जनाला समुद्रावर जातात, त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता जाम होऊ शकतो. त्या दिवशी ड्राइव्ह ठेवूच नका, विसर्जन बघायला जा.

कागदपत्रांत लायसन्स ओरिजिनल न्या, डिजीलॉकरच्या भरवशावर राहू नका, आणि आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ सगळेच काढतात, पण डाव्या बाजूच्या रिम्स आणि बंपरचा खालचा भाग सोडून देतात, आणि गटारामुळे ओरखडे असतात ते नेमके तिथेच. वाकून शूट करा, आणि इन्शुरन्समध्ये तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा सही करायच्या आधी विचारा.