‘हॅमिल्टन’ पाहण्यापूर्वीची तयारी

दादरच्या नाट्यगृहांत संगीत नाटके पाहत वाढलेल्या रसिकाने ‘हॅमिल्टन’ ही २०१५ साली रंगभूमीवर आलेली अमेरिकी संगीतिका घरच्या पडद्यावर लावण्यापूर्वी नायकाच्या राजकारणाशी ओळख करून घ्यावी. सुरुवात दहा डॉलरच्या नोटेपासून करावी; तिच्यावरचा चेहरा राष्ट्राध्यक्षाचा नसून देशाच्या पहिल्या अर्थमंत्र्याचा, म्हणजेच नायक अलेक्झांडर हॅमिल्टनचा आहे. राज्यांची युद्धकर्जे केंद्र सरकारने आपल्या शिरावर घ्यावीत, हा हॅमिल्टनचा १७९० सालचा आग्रह नीट समजून घ्यावा, कारण संगीतिकेत तेव्हाचे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्याशी होणारा त्याचा खडाजंगीचा वाद याच प्रश्नावर पेटतो आणि तो रॅपमधून रंगतो; लावणीतले सवाल-जबाब ऐकलेल्या आपल्या कानांना ही जुगलबंदी सहज उमगते, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ प्रसिद्ध झालेल्या ८५ निबंधांपैकी (‘फेडरलिस्ट पेपर्स’) ५१ हॅमिल्टनचे मानले जातात. त्यांतला निदान सत्तरावा, कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती का असावी हे सांगणारा, सावकाश वाचावा.

पाहताना एक भान ठेवावे: गुलामगिरीबाबत नाटकाने नायकाला जरा अधिकच उजळ रंगवले आहे, आणि त्याची सासुरवाडी गुलाम बाळगणारी होती. राजकीय प्रतिस्पर्धी एरन बर याच्याशी झालेल्या ११ जुलै १८०४ च्या द्वंद्वाचा प्रवेश मात्र दोनदा पाहावा. पहिल्यांदा हॅमिल्टनकडे, दुसऱ्यांदा केवळ बरकडे लक्ष देऊन.